सत्तर टक्के सूट, पण कशावर? किमतीचा इतिहास पाहून खोटी सवलत ओळखण्याची पद्धत

ऑनलाइन दुकानात वस्तूच्या नावाखाली दोन किमती दिसतात. एक खोडलेली, दुसरी ठळक, आणि शेजारी दोन्हींमधला फरक टक्क्यांत. ठळक किंमत खरी असते, कारण ती आपल्या खात्यातून जाणार असते. खोडलेली किंमत मात्र विक्रेत्याचं नुसतं म्हणणं असतं. त्या किमतीला ती वस्तू किती दिवस होती, तेवढ्याला कुणी ती घेतली का, हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नसतं. टक्का काढलेला असतो तो त्याच आकड्यावरून. आकडा फुगवला की टक्का आपोआप फुगतो.

म्हणून "किती टक्के कमी?" हा प्रश्नच सोडून द्यावा आणि "हीच वस्तू गेल्या वर्षभरात बहुतेक दिवस कितीला मिळत होती?" असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर किमतींची नोंद ठेवणाऱ्या सेवा, म्हणजे प्राइस ट्रॅकर, देतात. त्या बहुतेक फुकट आहेत आणि एक वस्तू तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण त्या दाखवतात तो किमतीचा आलेख नीट वाचता आला पाहिजे. घाईत पाहिला तर तोही फसवतो, म्हणून खाली वाचण्यावरच जास्त भर दिला आहे.

किमती आधी वाढवून मग उतरवल्या जातात, ही नुसती शंका नाही. ऑस्ट्रेलियातल्या कोगन या ऑनलाइन कंपनीने जून २०१८ मध्ये १० टक्के सूट जाहीर केली. त्याच्या अगदी आधी तिने सहाशेहून जास्त वस्तूंच्या किमती वाढवल्या होत्या, त्यातल्या बहुतेकांच्या किमान १० टक्क्यांनी. तिथल्या फेडरल कोर्टाने २०२० मध्ये ही दिशाभूल ठरवली आणि साडेतीन लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कॅनडातलं प्रकरण थोडं वेगळं आहे आणि ग्राहकासाठी जास्त बोलकं आहे. जानेवारी २०१७ मध्ये अमेझॉनच्या कॅनडातल्या कंपनीला खर्चासह ११ लाख कॅनेडियन डॉलर भरावे लागले, कारण पुरवठादारांनी कळवलेल्या 'लिस्ट प्राइस' बरोबर आहेत का, हे न पडताळताच त्या तुलनेसाठी दाखवल्या जात होत्या. म्हणजे खोडलेला आकडा कुणी मुद्दाम रचलेला असेलच असं नाही. कुणी तपासलेलाच नाही, असंही असू शकतं. आपल्या खिशाला दोन्ही सारखेच महाग पडतात.

पहिली पायरी: नेमकी वस्तू पक्की करा

सर्वात जास्त चुका इथेच होतात. एकाच पानावर चार रंग, तीन आकार आणि दोन क्षमतांचे पर्याय असतात, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी हलते. काळ्या रंगाच्या हेडफोनचा आलेख पाहून पांढरा विकत घेतला तर त्या तपासणीला अर्थ राहत नाही. आधी हवा तो पर्याय निवडा आणि मगच पानाची लिंक कॉपी करा. अमेझॉनवर प्रत्येक पर्यायाला दहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो, त्याला एएसआयएन म्हणतात. तो लिंकमध्ये आणि वस्तूच्या तपशिलात सापडतो. ट्रॅकरमध्ये तोच टाकला तर गोंधळ होत नाही.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा मॉडेल नंबर पूर्ण वाचा, शेवटच्या अक्षरापर्यंत. टीव्ही, लॅपटॉप, वॉशिंग मशीन यांच्यात एखादं अक्षर बदललं की आतले भाग बदललेले असू शकतात. सेलसाठी म्हणून थोडी हलकी आवृत्ती निघते आणि नाव जवळजवळ तेच राहतं. तिच्या किमतीची मूळ मॉडेलशी तुलना केली की सूट भरघोस दिसते, पण ती सूट त्या वस्तूवर नसतेच. सोबत केबल, कव्हर किंवा पिशवी देणारे 'कॉम्बो'सुद्धा वेगळी वस्तू म्हणूनच मोजा.

दुसरी पायरी: ट्रॅकर निवडा

ट्रॅकर साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार एकाच मोठ्या बाजारपेठेवर लक्ष ठेवणारा. अमेझॉनसाठी कीपा आणि कॅमलकॅमलकॅमल ही यातली जुनी, ओळखीची नावं. दुसरा प्रकार अनेक दुकानांच्या किमती शेजारी शेजारी मांडणारा आणि त्यासोबत इतिहासही देणारा. युरोपात इदेआलो, गाइत्सहाल्स, प्राइसस्पाय आणि जपानात काकाकू डॉट कॉम या अशा सेवा आहेत. तिसरा प्रकार म्हणजे ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन किंवा मोबाइल अ‍ॅप, जे दुकानाच्या पानावरच आलेख दाखवतं.

निवडताना दोन गोष्टी पाहा. तुम्ही ज्या देशाच्या साइटवरून खरेदी करता तिची नोंद हा ट्रॅकर ठेवतो का? एकाच कंपनीच्या दोन देशांतल्या किमतींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही, त्यामुळे दुसऱ्या देशाचा आलेख तुमच्या कामाचा नाही. आणि हव्या त्या वस्तूची नोंद किती जुनी आहे? ट्रॅकर ठरावीक काळाने पान तपासून किंमत टिपून ठेवतात. खपाच्या वस्तू वारंवार तपासल्या जातात, कमी खपाच्या क्वचित. कुणी कधी न शोधलेल्या वस्तूचा इतिहास नसूही शकतो. महत्त्वाच्या खरेदीला दोन ट्रॅकर ताडून पाहा. दोन्हींत उंच-सखल भाग जुळले तर आलेखावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

एक्स्टेन्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो टाळा. तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान वाचण्याची परवानगी त्यांतली बरीच मागतात, आणि एका आलेखासाठी एवढी किंमत मोजण्याची गरज नाही. ट्रॅकरच्या साइटवर जाऊन लिंक चिकटवली तरी तीच माहिती मिळते. घ्यायचंच असेल तर ते फक्त त्या दुकानाच्या साइटपुरतं चालू ठेवा. आणखी एक लक्षात घ्या. यातल्या बऱ्याच सेवांचं उत्पन्न तुमच्या खरेदीवरच्या कमिशनमधून येतं. त्यात गैर काही नाही, पण "आत्ताच घ्या" असा त्यांचा सल्ला तटस्थ समजू नका. त्यांच्याकडून आकडे घ्या, निर्णय स्वतः करा.

तिसरी पायरी: आलेख वाचा

आलेख उघडला की सर्वात आधी कालावधी बदला. सुरुवातीला एक किंवा तीन महिन्यांचाच तुकडा समोर येऊ शकतो. तो किमान एक वर्षाचा करा, कारण मोठे सेल वर्षाच्या ठरावीक दिवसांत येतात आणि मागच्या सेलमध्ये काय भाव होता हे दिसल्याशिवाय आजचा भाव कसा आहे हे सांगताच येत नाही.

मग उभ्या अक्षावरचे आकडे वाचा. बऱ्याच आलेखांत हा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. अक्ष ९५ ते १०५ असा असेल तर तीन टक्क्यांची घसरणही दरीसारखी दिसते. रेषेच्या आकारावर न जाता आकडे बघायची सवय लावून घ्या.

त्यानंतर रेषा. एकाच आलेखात अनेक रेषा असतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा. कीपावर नारिंगी रेषा म्हणजे अमेझॉन स्वतः विकत असतानाची किंमत, निळी म्हणजे इतर विक्रेत्यांकडच्या नव्या वस्तूची सर्वात कमी किंमत आणि काळी म्हणजे वापरलेल्या वस्तूची. कॅमलकॅमलकॅमलवर अमेझॉनची रेषा हिरवी आणि वापरलेल्याची लाल असते. म्हणून रंगांची सूची आधी पाहा. वापरलेल्या वस्तूची रेषा नव्याची समजली तर प्रत्येक सवलत खोटी वाटेल. काही रेषांत डिलिव्हरीचा खर्च धरलेला असतो, काहींत नसतो, हेही तिथेच कळतं. रेषा मध्येच तुटलेली दिसली तर त्या काळात वस्तू स्टॉकमध्ये नव्हती किंवा नोंद झाली नाही.

आता आलेखाखालचे तयार आकडे: सर्वाधिक, सरासरी, सर्वात कमी. सर्वाधिक किमतीकडे सरळ दुर्लक्ष करा. मुख्य विक्रेत्याकडचा माल संपला की एखादा लहान विक्रेता तिप्पट भाव लावतो, कुणी घेत नाही, पण नोंद कायमची राहते. सरासरीही अशा चार दिवसांमुळे वर ओढली जाते. सर्वात कमी किंमत कधी चुकून लागलेली असते आणि तासाभरात दुरुस्त होते. मग भरवसा कशावर? आलेखातल्या लांब सपाट पट्ट्यावर. ज्या पातळीवर रेषा सर्वात जास्त दिवस थांबलेली दिसते, ती त्या वस्तूची नेहमीची किंमत. हा एकच आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर चालतं.

खोट्या सवलतीचे आकार

काही आलेख पाहिले की ठरावीक आकार ओळखू येऊ लागतात.

सर्वात ठळक आकार चढून उतरण्याचा. महिनोन्‌महिने रेषा १०० वर, सेलच्या दोन-तीन आठवडे आधी १३० वर, आणि सेलच्या दिवशी पुन्हा १०० वर. पानावर लिहिलेलं असतं "२३ टक्के सूट". गणित बरोबरच आहे, पण ग्राहकाला मिळालं काहीच नाही. याचा जास्त धूर्त प्रकार म्हणजे सेलमध्ये रेषा १०० ऐवजी १०५ वर येणं. सवलतीच्या नावाखाली वस्तू महाग झालेली असते, आणि आलेख पाहिल्याशिवाय हे कळायला दुसरा मार्ग नाही.

दुसरा आकार म्हणजे आकार नसणं. रेषा वर्षभर १०० वर सपाट, आणि पानावर वर्षभर "मूळ किंमत २००, ५० टक्के सूट". इथे किंमत वाढवलेली नाही, उतरवलेलीही नाही. २०० हा आकडा फक्त खोडण्यासाठी जन्माला आला आहे. कमी माहितीतल्या ब्रँडच्या वस्तूंत हे फार दिसतं. यात एक दिलासा आहे: आजच घेण्याची घाई नाही. उद्याही ती १०० लाच मिळेल, मग घड्याळ कितीही उलटं मोजत असो.

तिसरा आकार करवतीच्या दातांचा. दर दोन-तीन आठवड्यांनी किंमत १०० वरून ८० वर येते आणि परत जाते. ८० ची सवलत खरी आहे, पण दुर्मिळ नाही. अशी वस्तू १०० ला कधीच घेऊ नये, आणि ८० ला मिळते म्हणून गरज नसताना साठाही करू नये.

चौथा म्हणजे एकुलता सुळका: सपाट रेषेत एक-दोन दिवसांची उंच उडी, आणि नंतर खोडलेली किंमत म्हणून नेमका तोच आकडा. "ही आमची आधीची किंमत होती" असं म्हणता यावं, एवढ्यापुरती ती उडी मारलेली असू शकते.

आणि पाचवा, जो आलेखातून सहज सुटतो: जुन्याच पानावर नवी वस्तू. विक्रेता आधीच्या वस्तूचं पान, त्यावरच्या परीक्षणांसकट, दुसऱ्याच वस्तूसाठी वापरतो. अचानक किमतीची पातळीच बदललेली दिसली तर जुनी परीक्षणं उघडा. त्यांत वेगळ्याच वस्तूबद्दल लिहिलेलं असेल तर तो इतिहास या वस्तूचा नाही, आणि अशा विक्रेत्याकडून न घेतलेलंच बरं.

खरी सवलत कशी दिसते, तेही सांगायला हवं. लांब सपाट पट्टा, सेलआधी काहीही हालचाल नाही, आणि मग स्पष्ट उतार, जो वर्षभरातल्या सर्वात खालच्या दोन-तीन पातळ्यांच्या जवळ जातो. अशा सवलती असतात. ट्रॅकर वापरण्याचा अर्धा फायदा हा की त्या दिसल्यावर मनात किंतु न ठेवता घेता येतं.

चौथी पायरी: आपला टक्का आपण काढा

नेहमीच्या किमतीतून आजची किंमत वजा करा, आलेल्या फरकाला नेहमीच्या किमतीने भागा आणि १०० ने गुणा. समजा पानावर खोडलेली किंमत २००, आजची १२० आणि दावा ४० टक्के. आलेख सांगतो की वर्षातले बहुतेक दिवस ती १२५ ला होती. फरक ५, म्हणजे खरी सूट ४ टक्के. मागच्या मोठ्या सेलमध्ये ती १०५ ला मिळाली होती असंही दिसलं, तर आजचा भाव त्या सेलच्या तुलनेत चढाच आहे.

युरोपीय संघाने यासाठी कायद्यातच एक मोजपट्टी दिली आहे. निर्देश २०१९/२१६१ नुसार किंमत कमी केल्याची जाहिरात करताना त्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वात कमी किंमत 'आधीची किंमत' म्हणून दाखवावी लागते. हे नियम २८ मे २०२२ पासून लागू झाले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका सुपरमार्केटच्या प्रकरणात स्पष्ट केलं की सवलतीचा टक्काही त्याच सर्वात कमी किमतीवरून काढलेला असला पाहिजे, ती नुसती कोपऱ्यात छापून चालणार नाही. तुम्ही कुठेही राहत असा, ही पट्टी स्वतःच्या तपासणीला लावता येते: आलेखावर गेल्या ३० दिवसांतला सर्वात खालचा बिंदू शोधा आणि आजची किंमत त्याखाली आहे का पाहा. नसेल तर ती सवलत नाही. मात्र तेवढ्यावर थांबू नका. दोन महिने आधी किंमत वाढवून ठेवणारा या चाचणीतून निसटतो, म्हणून वर्षाचा आलेख लागतोच.

आलेखात न दिसणाऱ्या गोष्टी

कूपन, ठरावीक बँकेच्या कार्डावरची सूट, कॅशबॅक, जुनी वस्तू दिल्यावरची वजावट, फक्त सदस्यांसाठीची किंमत: यातलं बरंचसं ट्रॅकरच्या नोंदीत येत नाही किंवा अर्धवट येतं. त्यामुळे आलेखात रेषा सपाट दिसली तरी मागच्या सेलमध्ये कार्डावरच्या सुटीमुळे लोकांना वस्तू स्वस्त मिळालेली असू शकते. तुलना करताना दोन्ही बाजू सारख्या ठेवा. आजची कार्डसूट वगळून मिळणारी किंमत आलेखाशी ताडून बघा, आणि कार्डसूट वेगळी मोजा. ती तुमच्याकडे असलेल्या कार्डावर आहे का, किमान किती खरेदीची अट आहे, पैसे लगेच कमी होतात की महिन्यांनी परत येतात, हे सगळं पाहूनच ती हिशोबात धरा. जुनी वस्तू देण्याच्या योजनेत "अमुकपर्यंत" हा शब्द असतो. तुमच्या वस्तूला प्रत्यक्ष किती मिळतात तेवढेच धरा.

डिलिव्हरी, पॅकिंग, हाताळणी असे खर्च शेवटच्या पानावर जोडले जातात. म्हणून पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाऊन एकूण रक्कम बघा, आणि तीच खरी किंमत माना. काही तासांच्या झटपट सवलती ट्रॅकरच्या दोन तपासण्यांच्या मधे येऊन जातात, त्याही नोंदीत नसतात.

आणि किंमत घसरण्याचं कारण वस्तूचं वय असू शकतं. फोन किंवा लॅपटॉपचं नवं मॉडेल आलं की जुन्याची रेषा खाली येते आणि परत वर जात नाही. अशा वेळी "गेल्या वर्षभरातली सर्वात कमी किंमत" हे वाक्य खरं असूनही फसवं ठरतं, कारण पुढच्या महिन्यात ती आणखी कमी होणार असते. घसरता आलेख दिसला तर नवं मॉडेल आलंय का, जुन्याला सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार, हे आधी पाहा.

इतिहासच नसेल तर

नव्याने आलेल्या वस्तूला आलेख नसतो. तिच्यावर पहिल्याच दिवशी "६० टक्के सूट" लिहिलेलं असेल तर तो टक्का वाचूच नका. न विकलेल्या वस्तूला आधीची किंमत कुठून येणार? त्याच प्रकारच्या, त्याच क्षमतेच्या दुसऱ्या दोन-तीन वस्तूंच्या नेहमीच्या किमती पाहा आणि त्यांच्याशी तुलना करा.

ट्रॅकर ज्या दुकानाची नोंद ठेवत नाही, तिथे इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन वापरून पाहा. त्या पानाची लिंक टाकली की जुन्या तारखांना साठवलेल्या प्रती मिळू शकतात. बऱ्याच पानांत किंमत नंतर लोड होत असल्याने ती जुन्या प्रतीत दिसत नाही, पण दिसली तर तो तारखेसह पुरावा असतो. नाहीतर स्वतःच नोंद ठेवा. सेलच्या महिनाभर आधी हव्या असलेल्या वस्तूंची यादी करा, स्प्रेडशीटमध्ये तारीख, विक्रेता आणि एकूण किंमत आठवड्यातून दोनदा लिहा. आठ-नऊ नोंदींत चढून उतरण्याचा डाव उघडा पडतो. वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवणं हाही सोपा उपाय आहे, पण काही साइट कार्टमधली किंमत गुपचूप बदलतात, म्हणून लिहून ठेवलेलं जास्त खात्रीचं.

पाचवी पायरी: अलर्ट लावा आणि विसरून जा

बहुतेक ट्रॅकरवर "किंमत इतकी झाली की कळवा" अशी सोय असते. इथे लोक आजवरची सर्वात कमी किंमत टाकतात आणि अलर्ट कधीच येत नाही. तो आकडा एकदाच, चुकून आलेला असू शकतो. त्याऐवजी गेल्या वर्षात किंमत ज्या पातळीवर निदान दोन-तीनदा आली होती ती टाका. वस्तूची खरंच गरज असेल तर मनाशी एक तारीखही ठरवा: तोवर अलर्ट आला नाही तर नेहमीच्या किमतीला घ्यायची. थोडक्या बचतीसाठी गरजेची वस्तू सहा महिने लांबवण्यात नुकसानच असतं.

अलर्ट आल्यावर लगेच पैसे भरू नका. पान उघडून विक्रेता तोच आहे का, पर्याय तोच आहे का, वस्तू नवी आहे की दुरुस्त करून विकलेली, आणि वॉरंटी कोण देणार, एवढं तपासा. अनोळखी विक्रेत्याने नेहमीच्या किमतीच्या निम्म्याने लावलेला भाव हा बहुतेक वेळा सवलत नसून वेगळाच प्रकार असतो.

खरेदी झाल्यावर पानाचा, पैसे भरण्याच्या पानाचा आणि आलेखाचा, असे तीन स्क्रीनशॉट तारीख दिसेल अशा बेताने घेऊन ठेवा, आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत अलर्ट चालू राहू द्या. त्या मुदतीत किंमत उतरली तर आधी फरक परत मागून पाहा. काही दुकानं तो देतात, आणि नाही दिला तर वस्तू न उघडता परत करून कमी किमतीला पुन्हा घेता येते. खोडलेली किंमत उघड खोटी निघाली तर हेच तीन स्क्रीनशॉट दुकानाकडच्या आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडच्या अर्जाला जोडा. "आधी स्वस्त होतं" या तोंडी वाक्यापेक्षा तारखांसकट असलेल्या आलेखाची दखल घेतली जाण्याची शक्यता जास्त.